त्रिकोणी प्लॉट, गोडबोल्या 'आर्किटेक्ट' आणि आमचे 2,97,500 रुपये

नाशिकला म्हसरूळला आमचा प्लॉट आहे, पुढून 42 फूट आणि मागे जाऊन जेमतेम 11, वर उतार. रिटायरमेंटनंतर तिथे मॉडर्न घर बांधायचं होतं, हिचे गुडघे गेलेत त्यामुळे सगळं खालीच, रुंद दारं, बाथरूमला उंबरा नको, व्हीलचेअर जाईल असा रॅम्प. बाकीच्यांनी प्लॉट बघून नाकं मुरडली, हा गोडबोल्या एकटा म्हणाला "काका, टेन्शन घेऊ नका."

डिझाइन फी 1,80,000, माती परीक्षण 22,500 (एक खड्डासुद्धा खणला नाही), 'परवानगीचा खर्च' 95,000 रोख. रोख का दिले म्हणून शहाणपण शिकवू नका, परवानगीच्या कामात पावती मागणारा माणूस मला दाखवा. तरी सांगतो, सरकारी फी चलनाने भरतात, कोणाच्या हातात नाही.

डोकं फिरतं ते त्या थ्रीडी व्हिडिओने. टीव्हीवर लावून सगळ्यांना दाखवला, जावई खूश. आणि त्यात मागची भिंत पुढच्याइतकीच रुंद! कोणाच्या तरी चौकोनी प्लॉटचा बंगला, गेटवर पाटी आमच्या आडनावाची. ही म्हणालीसुद्धा, "अहो, मागे एवढी जागा कुठेय आपल्याला?" मी म्हटलं कॅमेऱ्यात तसं दिसतं. रॅम्प तर सहा फुटांचा. जोतं दोन फूट, 1:12 च्या उताराने (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) 24 फूट लागतात, सहा फुटांत घसरगुंडी होते. पण मी जन्मभर बँकेत काढला, मला हे तेव्हा कुठून कळणार?

त्याने दिलेला परवानगीचा फाइल नंबर निघाला दुसऱ्याच कोणाच्या घराचा. परवानगीच्या ऑफिसात म्हणे ऑनलाइन बघा, ऑनलाइनवाला म्हणे खिडकीवर विचारा, साहेब कुंभमेळ्याच्या मीटिंगला. पोलिस ठाण्यात अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "दिवाणी मामला आहे, वकील गाठा." अहो दुसऱ्याचा नंबर दाखवून पैसे उकळले, यात दिवाणी काय?? वर हवालदार मलाच विचारतो, काका एवढी कॅश आणली कुठून!

आर्किटेक्टचा 'CA' अक्षरांनी सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर आधी मागा, त्यांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या साइटवर नाव जुळवा, 1972 च्या कायद्याने नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. व्हिडिओ नंतर, आधी मोजणी नकाशावर काढलेला प्लॅन मागा. आपण समोरच्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, मी तिकडेच जातोय. त्याचं इन्स्टाग्राम अजून चालू आहे, आमचाच बंगला परवा गंगापूर रोडच्या कोणाच्या तरी पाटीसकट टाकलाय.