अटलांटात कंपनीचं घर भाड्याने घेताना – आमचा ग्विनेट काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) अनुभव

पाचपैकी दोन स्टार देतेय आणि ते दोन्ही घराला. तीन बेडरूम, मागे अंगण, शाळा जवळ, घराबद्दल तक्रारच नाही. तक्रार आहे ती घरमालक कंपनीबद्दल. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकाच कंपनीचा नाहीये.

घर दाखवायला कोणी येत नाही, फोनवर कोड येतो, आपणच दार उघडून बघायचं. तेव्हा सोयीचं वाटलं. पण साईटवरचं भाडं खरं नाही हे लीज हातात आल्यावर कळतं, स्मार्ट लॉकचे दर महिन्याला वेगळे पैसे, एसीचा फिल्टर घरपोच पाठवायचे वेगळे, पाण्याचं बिल आपल्याकडे पाठवायचे पण वेगळे, आणि नको म्हणायची सोयच नाही. फिल्टर तर आमच्या मापाचा येतच नाही, खोके गॅरेजमध्ये पडून आहेत, मी दुकानातून आणून लावते आणि पैसे मात्र कापले जातातच.

जुलैत एसी बंद पडला. इथल्या जॉर्जिया राज्यातला जुलै ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कंपनीच्या पोर्टलवर तक्रारीचं तिकीट टाकलं तर दुसऱ्या दिवशी काम झालं म्हणून बंद, माणूस फिरकलाच नव्हता! परत तिकीट, परत फोनवर नवीन कोणीतरी, परत पहिल्यापासून सगळं सांगा. सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्यांना रात्री मैत्रिणीकडे झोपायला पाठवावं लागलं. आधीचे घरमालक आजोबा फोन केला की स्वतः टूलबॉक्स घेऊन यायचे हो.

2008 च्या मंदीत बँकांनी जप्त केलेली घरं नंतर मोठ्या गुंतवणूक फंडांनी भाड्याने द्यायला घाऊक उचलली, त्यात अटलांटा फार पुढे. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात इथल्या पाच काउंट्यांत फक्त तीन कंपन्यांकडे 19,000 हून जास्त घरं निघाली. आणि ही घरं कुठली, तर आपण पहिलं घर म्हणून बघतो तसलीच. आम्हीही एका घरावर ऑफर टाकली होती, लोनचं होईपर्यंत रोख पैसेवाला घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत तेच घर भाड्याच्या साईटवर! फार जिव्हारी लागलं. वर या फी भरून डाउन पेमेंटला साठणार काय? भाड्यावर मर्यादा घालायला इथे शहरांना राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे रिन्यूअलला कंपनी म्हणेल तो आकडा.

2024 मध्ये इन्व्हिटेशन होम्स या घरं भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपनीने (आमची कंपनी ही नाही) लपवलेल्या फी आणि डिपॉझिटच्या केसमध्ये एफटीसीशी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेशी, 4.8 कोटी डॉलरला तडजोड केली, म्हणजे हे फक्त आमचंच रडगाणं नाही.

घ्यावंच लागलं तर अर्ज भरायच्या आधी महिन्याचा एकूण आकडा ईमेलवर लेखी मागा. राहायला जाताना भिंती, कार्पेट, ओव्हनच्या आतलेसुद्धा फोटो काढा. घर सोडल्यावर 30 दिवसांत डिपॉझिट परत नाहीतर कपातीची यादी द्यावी लागते, फोटोच नसतील तर भांडणार कशावर? जुलै 2024 पासून दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिटही मागता येत नाही. आणि काउंटीच्या वेबसाईटवर पत्ता टाकून मालक कोण ते नक्की बघा, एलएलसीऐवजी (म्हणजे कंपनीऐवजी) माणसाचं नाव दिसलं तर घर थोडं जुनं असलं तरी तेच घ्या, आमची लीज संपली की आम्ही तेच करणार आहोत.