धुळ्यातलं व्यसनमुक्ती केंद्र: पहिला आठवडा उत्तम, पुढच्या महिन्यांचं कोणी सांगत नाही

आबांना धुळ्याच्या या केंद्रात आणलं तेव्हा डॉक्टरांनी ना उपदेश केला, ना घरच्यांना धारेवर धरलं. पहिला प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" दुसरा, "आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का?" आली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊबंदांनी देवापुढे शपथ घालून आबांची दारू एकदम बंद केली आणि दुसऱ्या रात्री ओट्यावरच झटका आला. गाव म्हणालं, बाहेरचं काहीतरी आहे. डॉक्टरांनी खरं कारण सांगितलं. रोजच्या दारूने मेंदू दबतो, म्हणून तो जास्त जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली की तो जोर मोकाट सुटतो. सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत, आणि भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. यात माणूस दगावूही शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करू नका, हे मी कळकळीने सांगते.

आपल्याकडे माणूस गळाला की लगेच 'सलाईन लावा'. इथे सिस्टरने आधी बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं, मगच ग्लुकोजची बाटली लावली. पिणाऱ्यांच्या अंगात बी-१ फार कमी उरतं, तशात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दर काही तासांनी हात पुढे करायला लावून बोटांची थरथर बघायचे, नाडी आणि घाम वहीत लिहायचे, त्यावरून गोळीचा डोस ठरायचा.

तिसऱ्या रात्री आबा चादरीवरून नसलेल्या मुंग्या झटकत होते. "बैल सुटी ग्यात, धर त्यासले," म्हणत उठायला लागले. ड्युटीवरच्या ब्रदरने हात बांधले नाहीत. लाइट चालू ठेवला, पलंगाचे कठडे वर केले आणि मला उशाशी बसवलं. "ताई, वाद घालू नका. तुम्ही कोण, आपण कुठे आहोत, तेवढंच सांगत राहा." सकाळपर्यंत तो दर थोड्या वेळाने येऊन बघून जात होता. त्या रात्रीसाठी या माणसांना पैकीच्या पैकी.

जेवण ठीक. बाहेरच्या तपासण्यांचा खर्च वेगळा, तो आधी सांगायला हवा होता.

खरी तक्रार डिस्चार्जची आहे. हातात इंग्रजी कागद, त्यावर गोळ्यांची नावं, संपलं. पुढे काय होतं ते आम्हाला घरी कळत गेलं. आबांना कित्येक आठवडे रात्री दोनला जाग यायची. तळपायांची आग व्हायची, आणि चालताना चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना कळायचं नाही. डोळे मिटून तोंड धुताना झोक जायचा. आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे धावलो. मग कळलं, दारूने पायांच्या नसा खराब झाल्या आहेत. त्या सावकाश भरतात, कधी पूर्ण भरत नाहीत. दुसरीकडे भूक परतली, बीपी उतरलं, चेहऱ्याची सूज गेली. गुळाचा डबा मात्र लपवावा लागतो, इतकं गोड खावंसं वाटतं त्यांना.

या दिवसांतच पारावरचे लोक म्हणतात, "सोडल्यापासून खंगले, थोडी थोडी चालू ठेवा." घरात माहिती नसेल तर माणूस तिथेच पुन्हा बसतो. झोप कधी सुधारेल, पायांसाठी काय करायचं, परत कधी दाखवायचं, एवढं मराठीत एका पानावर द्यायला यांना काय अवघड आहे? मी काउंटरवर तसं लेखी दिलंय. पाचपैकी चार तारे, पाचवा त्या पानासाठी राखून ठेवला आहे.

रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा.