रीसेल फ्लॅटचा भाव ठरवताना आयजीआरची मोफत ई-सर्च: कामाची, पण वाचता आली तर

एजंटने जुना फ्लॅट विकायला घेतला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्याच बिल्डिंगमधला एक कोटीला गेला." खरंच गेला की नुसता सांगितला, हे तपासायला नोंदणी व मुद्रांक विभागाची (आयजीआर) मोफत ई-सर्च सेवा आहे. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर दिसते ती मागणी. इथे दिसतो तो आकडा, ज्यावर सह्या झाल्या आणि दस्त नोंदला गेला.

वर्ष, जिल्हा, गाव निवडायचं आणि सर्व्हे किंवा सिटीएस (शहर भूमापन) नंबर टाकायचा. नंबर मालकाच्या जुन्या करारनाम्यात मिळतो. शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो, म्हणून चालू आणि मागचं अशी दोन्ही वर्षं पाहावीत. कॅप्चा बऱ्याचदा दोनदा घालावा लागतो, तेव्हा पहिल्या झटक्यात यादी आली नाही म्हणून सोडून देऊ नये. सर्व्हे नंबरची जमीन मोठी असेल तर भाडेकरार आणि गहाणखतांच्या गर्दीतून विक्रीचे दस्त वेचावे लागतात. चाळणी नावापुरतीच, हे सेवेचं सर्वात मोठं उणं.

यादीतल्या दस्ताचा इंडेक्स-2, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा, उघडला की दोन रकमा दिसतात, मोबदला आणि बाजारभाव. नाव फसवं आहे. तो बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून, निघालेलं सरकारी मूल्य. आपल्या कामाचा आकडा मोबदला.

समजा, मोबदला 78 लाख आणि कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्र) 60.39 चौरस मीटर. गुणिले 10.764 केलं की 650 चौरस फूट, म्हणजे फुटाला 12,000. त्याच मापाच्या फ्लॅटला मालक एक कोटी मागत असेल तर तो 15,385 चा भाव मागतोय. एवढा फरक मजला, लिफ्ट किंवा झाकलेलं पार्किंग यांनी सहसा भरून निघत नाही. क्षेत्रफळाच्या रकान्यावर मात्र विसंबू नये. कधी तिथे बांधीव क्षेत्र असतं, कधी कार्पेटमध्ये टेरेस मिळवलेला असतो. मिळकतीचं वर्णन शब्दन्‌शब्द वाचावं. रेरा कायद्याच्या आधीच्या व्यवहारांत बोलणं सेलेबलवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून वाढवलेल्या क्षेत्रावर, व्हायचं, त्यामुळे मालकाच्या डोक्यातला 'फुटाचा भाव' बऱ्याचदा त्याच मापाचा असतो.

खरी ठेच लागते ती डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये, म्हणजे करारनाम्यानंतर फ्लॅटची मालकी नावावर करून देणाऱ्या दस्तात. पुण्यात अशा बिल्डिंगी पुष्कळ. दस्त 2024 मध्ये नोंदलेला, पण मोबदला मूळ करारनाम्याचा, 2009 चा. नोंदणीची तारीख बघून तो ताजा व्यवहार धरला की सरासरी कोसळलीच. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र तर गणतीतूनच काढावं. घरातल्या घरात झालेली विक्रीही, म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्याचं आडनाव एकच दिसलं तर, आधी बाजूला ठेवावी. उलट बाजूनेही फसगत होते: रोखीचा भाग किंवा फर्निचरचा वेगळा करार इंडेक्सवर येत नाही, त्यामुळे एखादा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्याच बिल्डिंगमधले किंवा शेजारच्या समवयस्क बिल्डिंगमधले पाच-सहा व्यवहार मिळाले तर मधला आकडा घ्यावा. दोनच मिळाले तर एक भाव नव्हे, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा पट्टा सांगावा.

सरकारी मूल्यही टिपून ठेवावं. ते ठरलेल्या भावापेक्षा त्या भावाच्या 10 टक्क्यांहून जास्त निघालं तर फरकावर आयकराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो विकणारा-घेणारा दोघांनाही. अशा वेळी टोकन घेण्याआधीच सीएला विचारलेलं बरं.

मालकापुढे बसताना इंडेक्सची प्रिंट ठेवावी, पण खरेदीदार-विक्रेत्यांची नावं झाकून. शेजाऱ्याचं नाव दिसलं की बोलणं भावावरून त्याच्यावरच घसरतं.