आयसिन खरा, फोलिओ खोटा

दोन वर्षांपूर्वी वाशीच्या दलालाकडून हापूसची शेवटची पट्टी आली आणि मजुरी, फवारणी व सोसायटीचे कर्ज भागवून उरलेल्या पैशांतून १,८०,००० रुपये म्युच्युअल फंडात गुंतवायचे मी ठरवले. मी देवगड तालुक्यातील बागायतदार आहे. पट्टीवरील पेट्या, हमाली, तोलाई आणि दलाली यांची ओळ न् ओळ तपासण्याची मला सवय आहे, त्यामुळे कागदाच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवणार नाही अशी थोडी घमेंडही होती.

गुंतवणूक करून देणारा तरुण ओळखीतला होता. आठ दिवसांत त्याने गुंतवणुकीचा छापील उतारा आणून दिला आणि त्यावरील बारा अक्षरांच्या क्रमांकावर बोट ठेवून म्हणाला, "काका, हा आयसिन तुम्हीच मोबाइलवर टाकून बघा." मी टाकला आणि योजनेचे नाव, रेग्युलर (वितरकामार्फतचा) प्लॅन, ग्रोथ (नफा योजनेतच ठेवण्याचा) पर्याय, सगळे तंतोतंत जुळले. तिथेच मी निर्धास्त झालो.

आयसिन ही योजनेची ओळख आहे, गुंतवणूकदाराची नव्हे, हे मला तेव्हा उमगले नव्हते. आपल्याकडील म्युच्युअल फंडाच्या युनिटांचा आयसिन 'आयएनएफ' या अक्षरांनी सुरू होतो, कंपन्यांच्या शेअरचा 'आयएनई'ने. एकाच योजनेच्या डायरेक्ट (थेट फंडाकडून घेतलेल्या) आणि रेग्युलर प्लॅनचे, तसेच ग्रोथ आणि लाभांशाच्या पर्यायांचे आयसिन वेगवेगळे असतात, परंतु एका पर्यायात पैसे घालणाऱ्या हजारो जणांच्या उताऱ्यांवर तो एकच असतो. 'ॲम्फी' या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरील रोजच्या एनएव्हीच्या, म्हणजे युनिटच्या किमतीच्या, यादीत तो कोणालाही पाहता येतो आणि म्हणूनच तो खोट्या कागदावर उतरवणे फारच सोपे आहे. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा बरोबर आहे म्हणून जमीन आपली होत नाही, भोगवटादार म्हणून आपले नाव लागावे लागते; फंडाच्या बाबतीत ते काम फोलिओ क्रमांक, म्हणजे फंडाकडील आपल्या खात्याचा क्रमांक, करतो.

खरी चूक त्याही आधी झाली होती. धनादेश फंडाच्या योजनेच्या नावाने लिहायचा असतो. "फॉर्मबरोबर एकत्र भरतो," असे त्याने सांगितल्यावर मी तो त्याच्या फर्मच्या नावाने लिहून दिला.

गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या माझा उतारा पाहत असताना शेजारच्या वहिनींनीही त्याच तरुणाकडून घेतलेला आपला कागद आणला. आयसिन दोन्हींवर सारखाच होता, त्यात वावगे काही नव्हते. मात्र फोलिओ क्रमांकही शेवटच्या आकड्यापर्यंत तोच निघाला. आमचे ना संयुक्त खाते, ना दूरचे नाते. उताऱ्यावरील वितरकाचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, पुतण्याने 'ॲम्फी'च्या यादीत शोधला, तेव्हा तो भलत्याच व्यक्तीच्या नावावर दिसला; माझ्या पॅनवर सगळ्या फंडांतील गुंतवणुकीचा एकत्रित खाते उतारा मागवला, तर त्यात एकही फोलिओ नव्हता.

पोलिसांत तक्रार दिली आहे, पण पैसे अद्याप मिळालेले नाहीत. या परिसरात ज्यांच्याकडे असे छापील उतारे असतील, त्यांनी आयसिन जुळतो एवढ्यावर न थांबता आपला पॅन आणि फोलिओ क्रमांक घेऊन थेट फंड कंपनीकडे, किंवा कॅम्स अथवा केफिनटेक यांपैकी जे त्या फंडाचे निबंधक, म्हणजे गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणारी संस्था, असतील त्यांच्याकडे, विचारणा करावी. आणि मधल्या माणसाने दिलेल्या फोन नंबरवर ही चौकशी करू नये, कारण माझ्या उताऱ्यावर छापलेला 'ग्राहक सेवा' क्रमांक त्याच्याच खिशात वाजत होता.