क्लायंटचे पासवर्ड ठेवायचे कुठे? बिटवॉर्डन वापरून झालेलं माझं मत

ज्या ऑफिसात दुसऱ्यांचे पासवर्ड सांभाळायचे असतात, तिथली एक्सेल शीट बंद व्हायला हवी आणि तिच्या जागी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर) यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मी इचलकरंजीत एका कर सल्लागारांकडे काम करते. यंत्रमागवाले, सायझिंगवाले, किराणा दुकानदार, दोन-चार डॉक्टर असे आमचे क्लायंट. प्रत्येकाचं जीएसटीचं लॉगिन वेगळं, इन्कम टॅक्सचं वेगळं, टीडीएसचं वेगळं, पीएफचं वेगळं. हे सगळं बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवून आता बरेच महिने झालेत, म्हणून लिहिते आहे.

आमच्या धंद्यात पासवर्ड कसे ठेवले जातात ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. 'क्लायंट मास्टर' नावाची एक फाईल असते, ती ऑफिसच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर उघडते आणि आर्टिकलशिपच्या (सीएच्या प्रशिक्षणातल्या) मुलांच्या पेन ड्राइव्हवरही जाते. डिजिटल सहीची टोकनं एका डब्यात असतात आणि प्रत्येक टोकनावर पांढऱ्या पट्टीवर पिन लिहिलेला असतो. पासवर्ड बहुतेकांचे सारख्याच साच्यातले, म्हणजे दुकानाचं नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. एकाचा कळला की पन्नास जणांचे ओळखता येतात. क्लायंटही निवांत असतात. "मॅडम, माझा पासवर्ड काय हो?" असं विचारतात आणि तो त्यांना व्हॉट्सॲपवर जातो. तिथे तो कायमचा पडून राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात भरदिवसा दागिन्यांची चोरी झाली. पाठोपाठ फ्रेंच वर्तमानपत्रात बातमी आली, की २०१४ च्या सुरक्षा तपासणीत तिथल्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड 'लूव्ह्र' असाच सापडला होता. जगभर हशा पिकला, मीम निघाले. चोरी काही त्या पासवर्डमुळे झाली नव्हती. चोर शिडीच्या गाडीवरून वर चढले आणि त्यांनी खिडकी कापली. पण हसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या दुकानाचा पासवर्ड दुकानाच्याच नावाचा असेल, हा विचार काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आता बिटवॉर्डनबद्दल. हे २०१६ मध्ये सुरू झालेलं अमेरिकन सॉफ्टवेअर आहे. याचा कोड कुणालाही वाचता येतो. मोफत योजनेतही हवे तितके पासवर्ड, हव्या तितक्या फोन-कॉम्प्युटरवर ठेवता येतात. तुमचं सगळं एका तिजोरीत जातं, ती तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होते आणि मगच कंपनीच्या सर्व्हरवर पोचते. किल्ली म्हणजे तुमचा मास्टर पासवर्ड, आणि तो कंपनीकडे नसतो. विसरलात तर कस्टमर केअरला फोन करून 'रीसेट करून द्या' म्हणता येत नाही. लोक याला खोट समजतात. माझ्या मते विश्वास ठेवावा असं कारण तेच आहे, कारण जे त्यांना उघडता येत नाही ते त्यांच्याकडून कुणी मागूनही नेऊ शकत नाही.

ऑनलाइन वाद बहुतेक पासवर्ड किती लांब, एन्क्रिप्शन (कुलूप घालायची पद्धत) कुठलं, यावर रंगतात. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फायदा वेगळाच निघाला, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

जुलै महिना आला की क्लायंटना मेसेज येऊ लागतात: 'आपला रिफंड मंजूर झाला आहे, खात्याची माहिती अपडेट करा.' खाली लिंक. लिंक उघडली तर हुबेहूब इन्कम टॅक्सचं पान, तोच निळा रंग, तीच राजमुद्रा. दिवसभर तेच पान बघणाऱ्या माझ्यासारखीलाही पहिल्या नजरेत फरक कळत नाही. पण बिटवॉर्डन पान कसं दिसतं ते बघतच नाही. ते पत्ता बघतं. खरा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो. खोट्या पत्त्यात इन्कमटॅक्स असतं, रिफंड असतं, मध्ये एखादी आडवी रेघ असते, पण शेवट वेगळा असतो. खऱ्या पानावर एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या बिटवॉर्डनच्या छोट्या भागाच्या) चिन्हावर आकडा दिसतो, म्हणजे या साईटची इतकी लॉगिन तुमच्याकडे आहेत. खोट्या पानावर तिथे काहीच नसतं, यादी रिकामी. आमच्या ऑफिसात आता नियमच आहे: आकडा दिसला नाही तर पासवर्ड हाताने टाकायचा नाही, आधी सरांना दाखवायचं. नव्या मुलांना फसवी साईट ओळखायला शिकवण्यापेक्षा हा एक नियम शिकवणं सोपं जातं, आणि तो रात्री नऊ वाजता दमलेल्या माणसालाही पाळता येतो.

"पण सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, आणि तो योग्य आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या मोठ्या कंपनीत नेमकं हेच झालं. ऑगस्टमध्ये चोर आत शिरले, मग एका इंजिनीअरच्या घरच्या कॉम्प्युटरवरून त्यांनी पुढची वाट काढली आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपच्या प्रती नेल्या. कंपनीने हे डिसेंबरात सांगितलं. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कुणाचं खातं कुठल्या साईटवर आहे ते पत्ते उघडेच होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता, त्यांची तिजोरी चोरांना घरी बसून सावकाश फोडता येणार होती. तिथे ना ओटीपी आडवा येतो, ना 'तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद'.

या घटनेवरून 'पासवर्ड मॅनेजरच नको' म्हणणारे आहेत. मी तसं म्हणत नाही. एक्सेल शीट चोरीला गेली तर फोडायचंही काही उरत नाही, सगळं वाचायलाच मिळतं. लास्टपासच्या प्रकरणातून दोन गोष्टी घ्यायच्या: मॅनेजर असा निवडायचा की जो साईटचे पत्तेही कुलपात ठेवतो (बिटवॉर्डन ठेवतं), आणि मास्टर पासवर्ड खरोखर भक्कम करायचा. ज्यांना सर्व्हर ही कल्पनाच नको, त्यांच्यासाठी कीपासएक्ससी आहे. त्यात तिजोरी म्हणजे तुमच्या मशीनवरची एक फाईल, बाकी काही नाही. एकट्या माणसाला ते उत्तम आहे. चार जणांच्या ऑफिसात मात्र कुठली फाईल ताजी, यावरून वीस तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरताना भांडणं होतील.

बिटवॉर्डन निर्दोष आहे असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकाने दाखवून दिलं, की बऱ्याच पासवर्ड मॅनेजरांची ब्राउझर एक्स्टेन्शन फसव्या पानावर अदृश्य करून तुमच्याच क्लिकने माहिती भरून घेता येते. यादीत बिटवॉर्डनही होतं. त्यांनी दुरुस्तीची आवृत्ती काढली. म्हणून एक्स्टेन्शन अपडेट ठेवा आणि रकान्यातच यादी उघडणारी सोय बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एल दाबून भरायची सवय लावा, आठवड्यात हात बसतो.

मास्टर पासवर्डवर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपली माणसं दोन प्रकारे घसरतात. एक तर आवडत्या अभंगाची ओळ, आरतीचा चरण, शाळेतली कविता घेतात. लांब असते, पाठ असते, म्हणून भक्कम वाटते. पण जे छापलेलं आहे ते यादीत घालता येतं, आणि फोडणारे याद्याच चालवतात. दुसरं म्हणजे, शब्द स्वतः 'सुचवतात'. सुचलेल्या शब्दांत मुलीचं नाव, गावाचं नाव, लग्नाचं साल येतंच.

१९९५ मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड यांनी फाशांची युक्ती मांडली. फासा पाच वेळा टाकायचा, येणारा पाच आकडी नंबर यादीत शोधायचा, समोरचा शब्द घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द, कारण सहाचा पाचवा घात तितकाच होतो. असे पाच-सहा शब्द ओळीने ठेवले की झालं. शब्द साधे असले तरी चालतात, कारण ते तुम्ही निवडलेले नसतात. बिटवॉर्डन स्वतःही असा शब्दांचा पासवर्ड तयार करून देतं, पण त्याची यादी इंग्रजी. माझ्या सासूबाईंना ते शब्द लक्षात राहणं शक्य नव्हतं. मग आम्ही घरातला मराठी शब्दकोश काढला, फाशांनी पान ठरवलं, फाशांनीच शब्द ठरवला. 'परात, वावटळ, मुंगूस, हप्ता, चिंचोका' अशा धर्तीचं काहीतरी आलं (हे नव्हे, आणि तुम्हीही हे घेऊ नका). सासूबाईंनी त्या शब्दांची गोष्टच रचली आणि दुसऱ्या दिवशी न बघता टाइप केले.

फक्त तो देवनागरीत टाइप करू नका, रोमनमध्ये करा. 'वाऱ्यावर' मधला ऱ्य दोन कीबोर्डवर दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना एकच दिसतो, कॉम्प्युटरला वेगळा. फोनवर चाललेला पासवर्ड ऑफिसच्या मशीनवर चालला नाही तर कारण शोधता शोधता दिवस जाईल. रोमनमध्येही आपलं स्पेलिंग एकदाच ठरवून टाका, 'वावटळ'ला व्ही की डब्ल्यू, ते सुरुवातीलाच कागदावर लिहा. तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये, हा ऑफिसच्या टेबलापुरता नियम आहे. हजारो मैलांवरचा चोर तुमचं कपाट उघडत नाही.

आपल्याकडचे काही नियम मात्र या सगळ्याच्या उलट दिशेला जातात. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि काही महिन्यांनी बदला, ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २००३ च्या कागदातून जगभर पसरली. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये असं सांगितलं आणि २०२५ च्या आवृत्तीत तर ते स्पष्ट मनाई म्हणून लिहिलं. बदलायला लावलं की माणूस एकचं दोन करतो, दोनचं तीन. आमच्या जुन्या शीटमध्ये एका किराणावाल्या काकांचा पासवर्ड असा चढत चढत गेलेला दिसतो. आपल्या सरकारी पोर्टलांनी ही सक्ती सोडावी आणि लांबीची मर्यादा वाढवावी, हे मला मनापासून वाटतं. आणि पॅन व जन्मतारखेने उघडणाऱ्या पीडीएफना 'पासवर्ड प्रोटेक्टेड' म्हणणंही थांबवावं. ज्याच्याकडे तुमच्या पॅन कार्डाची झेरॉक्स आहे, त्याच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत.

रोजच्या कामात एक गोष्ट सांभाळावी लागते. आमच्याकडे एकाच पोर्टलची ढीगभर लॉगिन, त्यामुळे जीएसटीच्या पानावर यादी लांबलचक येते. नावं शिस्तीने द्यायला हवीत: आधी फर्मचं नाव, मग पोर्टल, मग जीएसटी नंबरची शेवटची अक्षरं. शिवाय शॉर्टकट दाबला की आधी वापरलेलंच लॉगिन भरलं जातं. म्हणून पानावर न जाता तिजोरीतल्या त्या नोंदीवरूनच पोर्टल उघडायचं आणि रिटर्न भरण्याआधी वरचं नाव वाचायचं. घरगुती वापरात हा त्रास नाही.

क्लायंटला पासवर्ड पाठवायला 'सेंड' नावाची सोय आहे. लिंक पाठवायची, ती किती वेळा उघडेल आणि कधी पुसली जाईल ते ठरवायचं. त्या किराणावाल्या काकांना सुरुवातीला हे नको होतं. एकदा त्यांना व्हॉट्सॲपवर खाली खाली जाऊन जुना पासवर्ड शोधून दाखवला, तेव्हा पटलं.

एखादा पासवर्ड आधी फुटलाय का, तेही तपासता येतं. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी जमवलेल्या, फुटलेल्या पासवर्डांच्या संग्रहाशी ताडून बघितलं जातं, पण तुमचा पासवर्ड तिकडे जात नाही. त्याचा गणिती ठसा काढून त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. आमचे जवळपास सगळे 'ॲट एक-दोन-तीन' तिथे निघाले. सरांना इतर कशाने पटलं नसतं तितकं त्या लाल अक्षरांनी पटलं.

पैसे भरायचे का? एकट्याला गरज नाही. नवरा-बायकोंना मोफतमध्येच दोघांची सामायिक तिजोरी मिळते. दोनपेक्षा जास्त माणसांच्या ऑफिसने मात्र पैसे भरावेत. त्यात कुणाला कुठले क्लायंट दिसतील ते ठरवता येतं आणि मूल आर्टिकलशिप संपवून गेलं की त्याचा प्रवेश एका क्लिकमध्ये काढता येतो. पासवर्ड न दाखवता नुसता वापरू देण्याची सोयही आहे, पण जाणकार मुलगा तो ब्राउझरमधून काढू शकतो, तेव्हा माणूस गेला की महत्त्वाचे पासवर्ड बदलायचेच.

आणि ज्यांच्या घरी सगळे व्यवहार एकच माणूस बघतो, त्यांनी पैसे भरून मिळणारी 'इमर्जन्सी ॲक्सेस' घ्यावी. तुम्ही नेमलेली व्यक्ती तिजोरी मागते, तुम्ही ठरवलेल्या मुदतीत, एक दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत, नकार दिला नाही तर तिला ती उघडते. एक कारखानदार अचानक गेले तेव्हा त्यांच्या मुलाला वडिलांचा ईमेलही उघडता येत नव्हता आणि नोटिसा त्याच ईमेलवर येत होत्या. आमच्या सरांनी स्वतःसाठी बायकोचं नाव टाकलंय, मुदत सात दिवस.