कौलारू घर की फ्लॅट? फोंड्याजवळचे सहा पावसाळे

गोव्यात घर शोधणाऱ्या ओळखीच्या माणसांनी गेल्या वर्षभरात मला हा प्रश्न तीनदा विचारला. गावातलं जुनं कौलारू घर घ्यावं की शहरातला फ्लॅट? मी दोन्हीकडे राहिलो आहे. म्हार्दोळच्या पुढे एका वाड्यावर भाड्याच्या घरात दोन पावसाळे काढले, आणि आता फोंडा शहरात तिसऱ्या मजल्यावर चौथा पावसाळा चालू आहे. भाव, चौरस मीटर, बँकेचे व्याजदर तुम्ही बघितलेच असतील, त्यात शिरत नाही. माझा अनुभव फोंडा तालुक्यापुरता आहे. किनाऱ्याकडे, बार्देश किंवा सासष्टीत, काही गोष्टी वेगळ्या असतील.

आधी जुन्या घराची बाजू सांगतो, कारण ते घर मला आवडलं होतं आणि अजून आवडतं. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच छप्पर, पुढे लांब वसरी, अंगणात तुळशी वृंदावन, मागे भाट, म्हणजे माड-फणसांची बाग. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाहेरून आत आलं की घामेजलेली पाठ पाच मिनिटांत निवायची. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, त्यामुळे पंखा एकवर ठेवला तरी भागायचं. फ्लॅटमध्ये तीच भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते. पाण्याचंही तसंच. ओपाहून येणाऱ्या जलवाहिनीचं काही काम निघालं की फोंड्यात नळ कोरडे पडतात आणि इमारतीत टँकरची चर्चा सुरू होते. तिकडे विहीर होती, त्यामुळे नळ गेल्याचं कधी कधी आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं. आणि पावसाळ्यात कपडे! वसरीत दोन वलण्या बांधलेल्या होत्या, त्यांवर चादरीसुद्धा दोन दिवसांत वाळायच्या. फ्लॅटच्या सज्जात हे सुख नाही.

साप निघायचे. त्याची सवय होते.

मग कागद. घर आम्हाला इतकं रुचलं होतं की मालकांशी विकत घेण्याचं बोलणं चालू केलं. ज्यांना गोव्याबाहेरून येऊन घर घ्यायचं आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि मुलगे-मुली सारखेच वारस असतात. म्हणजे आजोबांच्या नावावरचं घर विकायचं तर सगळे वारस आणि त्यांचे नवरे किंवा बायका, सगळ्यांच्या सह्या लागतात. आमच्या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, मालकांच्या वारलेल्या आजोबांचंच नाव होतं. वकिलांनी वंशावळ मांडली तेव्हा सह्या निघाल्या सतरा. त्यातले चौघे मुंबईत, दोघं लिस्बनमध्ये. आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, मग मुखत्यारपत्रं, मग विक्रीखत. शिवाय घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) आणि खालची जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) असा प्रकार तर नाही ना, हेही बघावं लागतं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहणाऱ्याला मोठं संरक्षण दिलं आहे आणि ते योग्यच आहे, पण विकत घेणाऱ्याला हे व्यवहाराआधी कळलेलं बरं. बँकेनेही हे सगळं निस्तरल्याशिवाय कर्जाचा विचार करणार नाही असं सांगितलं.

एवढं असूनही मी थांबायला तयार होतो. मालक सज्जन होते, वारसांमध्ये भांडण नव्हतं, दोन-तीन वर्षांत झालं असतं. घर नको असं मी ठरवलं ते कागदांमुळे नव्हे, माकडांमुळे.

पहिल्या वर्षी मे अखेरीस मालकांनी माणूस पाठवून कौलं परतून घेतली होती. फुटकी काढली, सरकलेली बसवली, कोन्यांना सिमेंट लावलं. आम्हाला वाटलं, आता सप्टेंबरपर्यंत चिंता नाही. जून बरा गेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला छपरावर धाडधाड पावलं वाजली. लाल तोंडाच्या माकडांचा वीस-पंचवीसचा कळप. भाटातल्या फणसावर उरलेले दोन-चार फणस आणि परसातली पपई यांसाठी ती येत. झाडावरून छपरावर, छपरावरून शेजाऱ्यांच्या माडावर, असा त्यांचा रस्ता ठरलेला होता. मोठा नर उडी मारून पडला की खालचं कौल तडकतंच. कधी कधी ती कौल उचलून खाली काय आहे तेही बघत. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांचं रान कमी होत चाललं आहे. पण कौल फुटलेलं असतं आणि वर पाऊस असतो.

आणि जुलैत छपरावर कोणी चढत नाही. कौलांवर शेवाळ आलेलं असतं, पाय ठरत नाही. कौलं परतणारा माणूस फोनवर प्रामाणिकपणे म्हणायचा, दोन दिवस सलग उघडीप मिळू दे, मग येतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जुलैमधली दोन दिवसांची उघडीप म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. तोवर शेजारच्या काकींनी शिकवलेला उपाय: आतून बांबूने वरचं कौल हलकेच उचलायचं आणि फुटक्यावर प्लास्टिकचा तुकडा सरकवायचा. मी तो शिकलो. रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून, स्टुलावर उभं राहून शिकलो.

कौल बदलायचं म्हटलं तरी कुठलंही चालत नाही. मंगळुरी कौलांच्या खाचा साच्यानुसार वेगळ्या असतात. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि बोटभर फट राहिली तरी वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. आमच्या छपराची कौलं बनवणारा कारखाना कधीच बंद झाला होता. मालकांनी मागच्या भिंतीला साठेक जुनी कौलं रचून ठेवली होती. त्या दोन पावसाळ्यांत त्यातली एक्केचाळीस लागली. मी मोजली आहेत.

दुसऱ्या वर्षी जुलैतच एका रात्री आईच्या खाटेवर गळायला लागलं. खाट सरकवली, तर कपाटावर गळायला लागलं. मुलीचं ते दहावीचं वर्ष, तिच्या वह्या त्याच कपाटात होत्या. पाच भांडी मांडली. वासे ओले होऊन काळे पडायला लागले होते, आणि ओल्या लाकडाला वाळवी किती लवकर लागते ते मालकांनाही ठाऊक होतं. नऊ दिवस भांडी तशीच होती. त्या नऊ दिवसांत आई एक शब्द बोलली नाही. फक्त दर दोन-तीन तासांनी उठून भांडी ओतत होती. तेव्हा मी ठरवलं.

यावर उपाय नाहीत असं नाही. कौलांवर पत्रे घालतात, पण मग उन्हाळ्यात घर तापतं आणि ज्यासाठी घर घेतलं तो थंडावाच जातो. स्लॅब ओतून वर कौलं बसवतात. खर्च मोठा आणि घर जुनं राहत नाही. कुत्रे ठेवतात, फटाके लावतात. माकडं चार दिवस येत नाहीत, पाचव्या दिवशी येतात. ज्यांच्या घराभोवती झाडं छपराला टेकलेली नाहीत त्यांना हा त्रास बराच कमी होतो असं मी पाहिलं आहे. पण झाडं तोडून मोकळं केलेलं घर हवं असेल, तर गावात जायचं कशाला, हा मला पडलेला प्रश्न आहे.

आता फ्लॅट. त्याचंही सगळं गोड नाही. पहिल्याच ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटात बुरशी आली. पट्टे, चपला, लग्नातला कोट, सगळ्यावर पांढरी पूड. कपाट आतल्या भिंतीला हलवलं आणि आत जुना तारेचा दिवा लावला. साधा, कमी वॅटचा, पण तारेचाच हवा, एलईडीला ऊब नसते. तो शोधायला बाजारात चार दुकानं फिरलो. तेव्हापासून बुरशी जवळजवळ नाही. कपड्यांचा प्रश्न सुटला नाही. सज्जाला पारदर्शक पत्रा लावला तरी नैऋत्येचा वारा पाणी आत आणतोच, आणि जाड कपडे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली वाळवावे लागतात. वरच्या मजल्याचा फ्लॅट शक्यतो टाळा. इथल्या इतक्या इमारतींनी गच्चीवर पत्र्याचं छप्पर उगाच घातलेलं नाही. ऑक्युपन्सी दाखला आणि सोसायटीची नोंदणी आधी बघा. आमच्या इमारतीत नोंदणीला उशीर झाला आणि लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे कोणी भरायचे यावर वर्ष गेलं.

पण छपराखाली झोपलेल्या माणसाला पाऊस लागत नाही. माझ्यासाठी तराजू इथे झुकतो.

घर लावणं मात्र फ्लॅटमध्ये अवघड गेलं, हे कबूल करायला हवं. जुन्या घरात आम्ही नुसतं सामान ठेवलं, घर आधीपासून होतंच. इथे चार पांढऱ्या भिंती. आईचा रगडा आणला तर खालच्या घरात आवाज जाईल म्हणून बायकोने त्याखाली रबराची जाड चटई घातली. पहिल्या रविवारी खोबरं-मसाला वाटला आणि मग बायकोच खाली जाऊन विचारून आली. खालच्या बाई म्हणाल्या, आवाज नाही, वास येतो, आणि नंतर वाटीभर रस्सा घेऊन गेल्या. तुळस सज्जात कुंडीत लावली. आईला ते पटत नव्हतं, तुळस अंगणातच हवी. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न आलं तेव्हा कुंडी मजल्यावरच्या सामाईक जागेत आणून ठेवली, दिंड्याची काठी रोवली, चिंचा-आवळे बांधले. समोरच्या घरातून कोणी ऊस आणला, वरून कोणी पोहे आणले. अंतरपाट धरायला दोन्ही बाजूंना माणसं होती. त्या संध्याकाळनंतर आई तक्रार करत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही अजूनही पेडण्याला मूळ घरी जातो, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी तिथेच बांधतो. ते इकडे आणायचा विचार नाही.

तुमच्या घरात धडधाकट, छपरावर चढणारं कोणी असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस नसेल आणि रोजची नोकरी घरापासून लांब नसेल, तर जुन्या घराच्या विरोधात मी बोलणार नाही. माझ्या घरी आई सत्त्याहत्तरची आहे आणि मी कुंडईला पाळीत काम करतो. रात्रपाळीला गेलो की कौल फुटलं तर टॉर्च धरणारं कोणी नाही.

काहीही घेतलंत तरी एकदा जुलैत जाऊन बघा, भर पावसात, रात्री. दलाल ऑक्टोबर ते मे या काळातच घर दाखवतो. फ्लॅट असेल तर पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून ओल बघा. कौलारू घर असेल तर मागच्या बाजूला जा, भिंतीला किती जुनी कौलं रचलेली आहेत ती मोजा, आणि पावसात ती वर चढवायला कोण येतो त्याचं नाव मालकाला विचारून घ्या.