वाळूसाठी डायमंड गोबी की नासारियस गोगलगायी?

भावा, राजारामपुरीतल्या तुझ्या तीन फुटी रीफ टाकीत (पोवळ्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) वाळूवर शेवाळाचा तपकिरी थर धरतोय, म्हणून वाळू साफ ठेवायला डायमंड गोबी मासा आणावा की नासारियस गोगलगायी, यात अडकलायस.

कामात गोबी सरस. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतो, त्यातले बारीक जीव खातो, वाळू पांढरीशुभ्र ठेवतो. पण तीच वाळू खालच्या पोवळ्यांवर सांडतो आणि बिळं खणतो. दगड वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर टेकव. उडीही मारतो, जाळीचं झाकण हवंच. खरी अडचण पोटाची. नव्या टाकीत वाळूतलं खाद्य लवकर संपतं, आणि फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे गोठवलेले बारीक जीव) खायला न शिकलेला गोबी खंगत जातो. ते बघवत नाही. कोल्हापूरपर्यंत प्रवास करून आलेला मासा दुकानात खाताना दिसल्याशिवाय घेऊच नकोस.

गोगलगायी स्वस्त, बिनत्रासाच्या. वाळूत पुरून राहतात, खाद्याचा वास आला की वर येऊन उरलंसुरलं संपवतात. शेवाळ मात्र खात नाहीत.

टाकी वर्षभर मुरलेली, वाळू बारीक, दिवसातून दोनदा खायला घालणारं कुणी घरी असेल तर गोबी आण. टाकी नवी असेल तर गोगलगायी, आणि थरासाठी नळाचं पाणी बंद करून आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी वापर.